सर्किट बोर्डांची तपासणी : सोल्डर पेस्टच्या मोजमापांचा पुढच्या टप्प्यावर उपयोग

मोबाइल, वाहनातील ब्रेक नियंत्रक, रुग्णालयातील मॉनिटर किंवा घरातील वीजमीटर यांपैकी कोणतेही उपकरण उघडले, तरी आत सर्किट बोर्ड आढळतो. त्यावर शेकडो सुटे भाग सोल्डरच्या सूक्ष्म सांध्यांनी जोडलेले असतात आणि त्यांतील एखादा सांधा कच्चा राहिला, तरी संपूर्ण उपकरण निकामी होऊ शकते. असा सांधा ग्राहकाच्या हाती पडण्यापूर्वी कारखान्यातच सापडावा, यासाठी उत्पादन साखळीत दोन स्वयंचलित तपासण्या असतात. पहिली तपासणी बोर्डावर छापलेली सोल्डर पेस्ट मोजते. ती ‘एसपीआय’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. दुसरी तपासणी तयार झालेला बोर्ड कॅमेऱ्याने न्याहाळते. तिला ‘एओआय’ म्हणतात. अनेक कारखान्यांत ही दोन यंत्रे एकाच रांगेत उभी असूनही परस्परांशी बोलत नाहीत. पहिल्या यंत्राने घेतलेल्या मोजमापांवर ‘ओके’ असा शेरा बसला, की त्यांचे काम संपले असे मानले जाते. प्रत्यक्षात हीच मोजमापे दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचवली, तर त्याचे खोटे इशारे कमी होतात, खऱ्या दोषांकडे लक्ष वेधले जाते आणि दोषाचे मूळही कळते.

बोर्ड कसा तयार होतो?

आजचे बहुसंख्य बोर्ड ‘सरफेस माउंट’ पद्धतीने तयार होतात. कोऱ्या बोर्डावर तांब्याचे छोटे चौकोन किंवा वर्तुळे उघडी ठेवलेली असतात. त्यांना पॅड म्हणतात. पोलादी पत्र्याची जाळी, म्हणजे स्टेन्सिल, बोर्डावर टेकवली जाते आणि स्क्वीजी नावाची धातूची पट्टी तिच्यावरून सोल्डर पेस्ट ओढत नेते. स्टेन्सिलच्या छिद्रांतून पेस्ट पॅडवर उतरते. स्क्रीन प्रिंटिंगच्या कारखान्यात कापडावर रंग छापतात, त्याच जातीचे हे काम आहे. मात्र येथील छिद्रे मिलिमीटरच्या अंशात मोजावी लागतात.

छपाईनंतर एसपीआय यंत्र पेस्ट मोजते. मग भाग ठेवणारे यंत्र रोधक, धारित्र, चिप इत्यादी भाग पेस्टवर बसवते. पुढे बोर्ड रिफ्लो भट्टीतून जातो. तेथे पेस्ट वितळते, भागांच्या टोकांना आणि पॅडला चिकटते आणि थंड झाल्यावर सांधा तयार होतो. भट्टीनंतर एओआय यंत्र बोर्डाची छायाचित्रे घेऊन सांधे तपासते. ज्या भागांचे सांधे पोटाखाली दडलेले असतात, त्यांच्यासाठी क्ष-किरण तपासणी करतात. शेवटी बोर्डाला वीज देऊन प्रत्यक्ष चाचणी होते.

या क्रमाला आर्थिक अर्थ आहे. छपाईनंतर लगेच दोष सापडला, तर बोर्ड धुऊन पुन्हा छापता येतो. भट्टीनंतर सापडला, तर कुशल कामगाराला भाग काढून नवा बसवावा लागतो आणि त्या उष्णतेने बोर्डालाही इजा पोहोचू शकते. ग्राहकाकडे गेल्यावर दोष उघडा पडला, तर खर्चाबरोबर विश्वासही जातो. वाहनाच्या ब्रेकमध्ये किंवा वैद्यकीय उपकरणात असे घडले, तर प्रश्न जिवाचा होतो.

सोल्डर पेस्टचे गणित

सोल्डर पेस्ट म्हणजे मिश्रधातूचे बारीक गोल कण आणि फ्लक्स नावाचा चिकट पदार्थ यांचे मिश्रण. फ्लक्स धातूवरील ऑक्साइडचा थर काढून टाकतो, त्यामुळे वितळलेले सोल्डर पसरू शकते. वजनाने पाहिले तर पेस्टमध्ये धातू सुमारे ९० टक्के असतो. घनफळाने मात्र तो साधारण निम्माच भरतो. भट्टीत फ्लक्सचा बराच भाग उडून जातो, म्हणून छापलेल्या पेस्टच्या जवळपास निम्मे घनफळ सांध्यात उरते.

पूर्वी कथील आणि शिसे यांचे मिश्रण वापरले जाई. युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून विद्युत उपकरणांतील शिशावर निर्बंध घातल्यानंतर शिसेविरहित मिश्रधातू रूढ झाले. त्यांपैकी ‘सॅक ३०५’ हा सर्वपरिचित आहे. त्यात ९६.५ टक्के कथील, ३ टक्के चांदी आणि ०.५ टक्का तांबे असते. तो सुमारे २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळतो, तर जुने कथील-शिसे मिश्रण १८३ अंशांना वितळत असे. तापमान वाढल्याने भट्टीचे काम नाजूक झाले आणि छपाईतील चूक सामावून घेण्याची मुभा कमी झाली.

छपाईची अचूकता स्टेन्सिलच्या छिद्रावर अवलंबून असते. छिद्राच्या तोंडाचे क्षेत्रफळ आणि त्याच्या आतील भिंतींचे क्षेत्रफळ यांचे गुणोत्तर किमान ०.६६ असावे, असा आयपीसी या उद्योगसंघटनेच्या ७५२५ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेतील दंडक आहे. गुणोत्तर त्याखाली गेले, की पेस्ट पॅडवर उतरण्याऐवजी भिंतींना धरून राहते. उदाहरणार्थ, ०.१० मिलिमीटर जाडीच्या स्टेन्सिलमधील ०.२५ मिलिमीटर व्यासाच्या गोल छिद्राचे गुणोत्तर ०.६२५ येते. म्हणजे बोर्डाची आखणी होतानाच कोणती छिद्रे त्रास देणार, हे बऱ्याच अंशी ठरलेले असते.

पहिले यंत्र काय मोजते?

एसपीआय यंत्र बोर्डावर प्रकाशाच्या पट्ट्या किंवा लेसरची रेघ टाकते. पेस्टच्या उंचवट्यामुळे त्या पट्ट्या जशा वाकतात, त्यावरून यंत्र प्रत्येक ढिगाचा त्रिमितीय आकार काढते. प्रत्येक पॅडसाठी पेस्टचे घनफळ, क्षेत्रफळ, उंची, डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली सरकलेले अंतर, तसेच शेजारच्या दोन पॅडांमधील पेस्ट एकमेकींना भिडली आहे काय, याची नोंद होते. एका बोर्डावर हजारो पॅड असू शकतात. त्यामुळे एका पाळीत लाखो आकडे जमा होतात.

घनफळाची मर्यादा बहुधा छिद्राच्या सैद्धांतिक घनफळाच्या टक्केवारीत ठरवली जाते. ५० ते १५० टक्के ही अनेक ठिकाणी वापरली जाणारी मर्यादा आहे. तिचा अर्थ एका साध्या हिशेबातून कळेल. छिद्र ०.५ मिलिमीटर लांब, तेवढेच रुंद आणि स्टेन्सिल ०.१२ मिलिमीटर जाड असेल, तर घनफळ ०.०३ घन मिलिमीटर होते. ५० टक्क्यांची खालची सीमा ०.०१५ आणि १५० टक्क्यांची वरची सीमा ०.०४५ घन मिलिमीटर येते. या दोन टोकांवरील ढिगांत तिपटीचा फरक आहे, तरीही दोघांवर ‘ओके’ हाच शेरा बसतो. तो शेरा तेवढा पुढे गेला आणि आकडा मागे राहिला, तर हा फरक कायमचा झाकला जातो.

दुसरे यंत्र काय पाहते?

एओआय यंत्र निरनिराळ्या कोनांतून आणि रंगांच्या प्रकाशात छायाचित्रे घेते. भाग जागेवर आहे का, त्याची दिशा बरोबर आहे का, तो उलटा किंवा तिरका बसला आहे का, पायांना सोल्डर नीट चढले आहे का, दोन पायांमध्ये सोल्डरचा पूल झाला आहे का, हे ते पाहते. द्विमितीय यंत्र प्रकाशाच्या परावर्तनावरून अनुमान काढते. त्रिमितीय यंत्र प्रत्यक्ष उंचीही मोजते. सांधा ग्राह्य की अग्राह्य, याचे निकष आयपीसीच्या ‘ए-६१०’ या मानकात दिलेले आहेत. त्यात उपकरणांचे तीन वर्ग केले असून, जेथे बिघाड खपवून घेता येत नाही अशा उपकरणांचा तिसरा वर्ग सर्वांत कडक आहे.

एओआयची अडचण अशी, की सोल्डरचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. थोड्या वेगळ्या छटेचा भाग, फ्लक्सचा डाग किंवा किंचित वाकलेला बोर्ड यांमुळेही चांगला सांधा सदोष दिसू शकतो. उलट बाहेरून गुळगुळीत दिसणारा सांधा आतून कच्चा असू शकतो. पहिल्या प्रकाराला खोटा इशारा आणि दुसऱ्याला निसटलेला दोष म्हणता येईल. यंत्राचे निकष कडक केले, की खोटे इशारे वाढतात. सैल केले, की दोष निसटतात. केवळ छायाचित्रांवर विसंबून या कात्रीतून सुटका होत नाही.

खोट्या इशाऱ्यांची किंमत

एओआयने इशारा दिला, की अंतिम निर्णय माणूस घेतो. पडद्यासमोर बसलेला ऑपरेटर चित्र पाहून ‘खरा दोष’ किंवा ‘खोटा इशारा’ असे ठरवतो. हे काम किती कठीण आहे, ते एका कल्पित उदाहरणावरून समजून घेता येईल. समजा, एका बोर्डावर ८०० भाग आहेत आणि दिवसाला १,००० बोर्ड तयार होतात. म्हणजे ८ लाख भाग तपासले जातात. त्यांत खरे दोष ४० आहेत आणि ते सर्व यंत्राला दिसले. चांगल्या भागांपैकी दर हजारी एकावर यंत्राने चुकून बोट ठेवले, तर सुमारे ८०० खोटे इशारे मिळतील. ऑपरेटरपुढे ८४० चित्रे येतील आणि त्यांतील दर २१ चित्रांत सरासरी एकच दोष खरा असेल. प्रत्येक चित्राला १० सेकंद धरले, तरी २ तास २० मिनिटे यातच जातील.

वीस वेळा ‘काही नाही’ असे ठरवणारा माणूस एकविसाव्या वेळीही तेच बटण दाबण्याची शक्यता वाढते. त्यात त्याची बेपर्वाई शोधण्याचे कारण नाही. सतत खोटी ठरणाऱ्या घंटेकडे दुर्लक्ष होणे हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून खोटे इशारे घटवण्याचा प्रश्न वेळ वाचवण्यापुरता उरत नाही. खरा दोष ओळखण्याची माणसाची क्षमता टिकवणे, हा त्याचा मोठा भाग आहे. याच उदाहरणात खोटे इशारे निम्मे झाले, तर ४४० चित्रांत ४० दोष असतील, म्हणजे दर ११ चित्रांत एक. काम निम्म्यावर आणि लक्ष दुपटीने, असा हा लाभ आहे.

दोन नोंदी जोडल्यावर काय कळते?

पहिला लाभ इशाऱ्याचे वजन ठरवण्यात होतो. एओआयने एका पायावर सोल्डर कमी असल्याचा इशारा दिला. त्या पॅडवर छपाईच्या वेळी ५५ टक्के पेस्ट होती असे दिसले, तर इशारा खरा असण्याची शक्यता अधिक. पेस्ट ९८ टक्के आणि नेमकी मध्यभागी होती, तर कदाचित परावर्तनाने फसवले असावे. दोन्ही इशारे ऑपरेटरपुढे सारख्याच तातडीने यावेत, असे कारण नाही.

दुसरा लाभ दोषाचे मूळ शोधण्यात आहे. पेस्ट कमी होती म्हणून सांधा लहान राहिला, तर दुरुस्ती छपाई यंत्राकडे करावी लागेल. पेस्ट पुरेशी असूनही सांधा लहान राहिला, तर पायावर ऑक्साइड असेल, भाग वाकलेला असेल किंवा भट्टीचे तापमान चुकले असेल. फक्त अंतिम चित्र पाहून हा भेद करता येत नाही.

तिसरा लाभ पॅडांची आपसांत तुलना केल्याने मिळतो. दोन टोकांच्या छोट्या भागाच्या एका पॅडवर ७० टक्के आणि दुसऱ्यावर १३५ टक्के पेस्ट असेल, तर स्वतंत्रपणे दोन्ही पॅड मर्यादेत बसतात. मात्र भट्टीत दोन्ही बाजूंचे सोल्डर असमान ओढ लावते आणि भाग एका टोकावर उभा राहू शकतो. कारखान्यात या दोषाला ‘टूम्बस्टोन’ म्हणतात. एकेका पॅडचा शेरा पाहणाऱ्याला हा धोका दिसत नाही. दोन पॅडांतील फरक काढणाऱ्याला दिसतो. अनेक पायांच्या चिपसाठीही सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी घनफळ काढले, तर असाच उपयोग होतो.

चौथा लाभ काळानुसार दिसणाऱ्या कलात आहे. स्टेन्सिलची छिद्रे हळूहळू तुंबतात, तशी पेस्ट बोर्डागणिक घटत जाते आणि पुसणी झाल्यावर पुन्हा वाढते. स्क्वीजी आळीपाळीने पुढे आणि मागे चालत असल्याने सम व विषम क्रमांकाच्या बोर्डांत ठराविक फरक पडू शकतो. एखाद्या बोर्डाचे आकडे मर्यादेत असले, तरी तो पुसणीच्या आधीचा शेवटचा बोर्ड आहे, ही माहिती एओआयला अधिक सावध करू शकते.

पाचवा लाभ दडलेल्या सांध्यांबाबत आहे. बॉल ग्रिड अॅरे जातीच्या चिपखाली सोल्डरचे गोळे असतात. चिप बसली, की कॅमेऱ्याला आतले सांधे दिसत नाहीत. प्रत्येक गोळ्याखाली किती पेस्ट होती, याची थेट नोंद एसपीआयकडेच उरते. क्ष-किरण तपासणीला वेळ लागतो. म्हणून कोणते बोर्ड त्या यंत्राकडे आधी पाठवायचे, हे ठरवण्यासाठी ही नोंद मोलाची ठरते.

नोंदी जुळवण्याची पूर्वतयारी

हे सर्व लाभ एका अटीवर अवलंबून आहेत. पहिल्या यंत्रातील पॅड आणि दुसऱ्या यंत्रातील सांधा एकच असल्याची खात्री हवी. त्यासाठी प्रत्येक बोर्डावर बारकोड किंवा लेसरने कोरलेली खूण लागते. अनेक छोटे बोर्ड एका मोठ्या पॅनेलमध्ये एकत्र असतात. म्हणून पॅनेल क्रमांक, त्यातील बोर्डाचे स्थान, भागाचा क्रमांक आणि पायाचा क्रमांक हे चारही दोन्ही यंत्रांत सारखे असावे लागतात. एका यंत्राने पाय डावीकडून मोजले आणि दुसऱ्याने उजवीकडून, तर संपूर्ण विश्लेषण फसते. वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी समान भाषेत माहिती द्यावी, यासाठी आयपीसीने २०१९ मध्ये ‘२५९१’ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. ते ‘सीएफएक्स’ या नावाने ओळखले जाते.

मोजमापे स्वतः भरवशाची आहेत का, हेही आधी पाहावे लागते. तोच बोर्ड यंत्रात अनेकदा घालून आकडे किती बदलतात, ते तपासणे हा साधा उपाय आहे. बोर्ड वाकलेला असेल, तर शून्य उंची कोठून धरायची हे यंत्राला नीट कळत नाही आणि घनफळ चुकते.

युरोपातील एक खुली स्पर्धा

या विषयाची सार्वजनिक कसोटी २०२२ मध्ये झाली. यंत्रांच्या आरोग्याचे पूर्वानुमान हा ज्या संस्थेचा विषय आहे, त्या पीएचएम सोसायटीने इटलीतील ट्युरिन येथे भरलेल्या युरोपीय परिषदेनिमित्त विदा-स्पर्धा ठेवली. बिट्रॉन या इटालियन कंपनीच्या उत्पादन साखळीतील एसपीआय आणि एओआय नोंदी स्पर्धकांना देण्यात आल्या. नोंदी पायांच्या पातळीवरच्या होत्या. प्रत्येक पायासाठी पेस्टचे घनफळ, उंची, क्षेत्रफळ आणि सरकलेले अंतर उपलब्ध होते.

स्पर्धेतील तीन प्रश्न कारखान्यातील निर्णयांच्या क्रमानेच आखलेले होते. फक्त पेस्टच्या नोंदींवरून, एओआय कोणत्या भागाला सदोष ठरवील, हा पहिला प्रश्न. दोन्ही यंत्रांच्या नोंदींवरून, ऑपरेटर त्या भागाला चांगला म्हणेल की वाईट, हा दुसरा. दुरुस्ती विभागात तो दोष खोटा ठरेल की दुरुस्त न होणारा, हा तिसरा. या मांडणीतून एक महत्त्वाची गोष्ट अधोरेखित झाली. एओआयचा इशारा, ऑपरेटरचा निर्णय आणि दुरुस्ती विभागाचा निष्कर्ष ही तीन वेगळी उत्तरे आहेत. संगणकाला कोणते उत्तर ‘सत्य’ म्हणून शिकवायचे, यावर संपूर्ण प्रणालीचा दर्जा ठरतो. एओआयच्या इशाऱ्यालाच सत्य मानून शिकवले, तर संगणक एओआयच्या चुकाही आत्मसात करील.

आम्बर्ग येथील अनुभव

जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतातील आम्बर्ग येथे सीमेन्स कंपनीचा इलेक्ट्रॉनिक्स कारखाना आहे. तेथे ‘सिमॅटिक’ मालिकेतील औद्योगिक नियंत्रक तयार होतात. साखळीच्या शेवटी असलेली क्ष-किरण तपासणी तेथे उत्पादनाची गती अडवत होती. उत्पादन प्रक्रियेतील नोंदींवरून कोणत्या बोर्डाचे सांधे निर्दोष असण्याची दाट शक्यता आहे, हे ठरवणारी प्रणाली तेथे बसवण्यात आली. शंका असलेलेच बोर्ड क्ष-किरणाकडे जातात. त्यामुळे या चाचण्या सुमारे ३० टक्क्यांनी कमी झाल्याचे सीमेन्सने सांगितले आहे. हा आकडा एका विशिष्ट कारखान्याचा आहे. वर्षानुवर्षे नीट जपलेल्या नोंदी नसतील, तर तो जसाच्या तसा इतरत्र मिळेल असे मानणे चुकीचे ठरेल.

मर्यादा आणि धोके

पेस्टची नोंद सर्वज्ञ नाही. भाग बसलाच नाही, चुकीचा बसला, उलटा बसला किंवा भट्टीत सरकला, तर छपाईचे आकडे कितीही चांगले असले तरी त्याचा उपयोग नाही. म्हणून भागाची उपस्थिती आणि दिशा तपासणारे निकष पेस्टच्या नोंदीवरून सैल करता कामा नयेत. सोल्डरच्या प्रमाणाशी संबंधित इशाऱ्यांपुरताच हा आधार घ्यावा.

दुसरा धोका नोंदींच्या निवडीत आहे. ज्या बोर्डांवर पेस्ट अगदीच वाईट होती, ते एसपीआयनेच अडवलेले आणि धुतलेले असतात. ते एओआयपर्यंत पोहोचत नाहीत. त्यामुळे पेस्ट आणि दोष यांतील संबंध आकडेवारीत प्रत्यक्षापेक्षा दुबळा दिसतो. त्यावरून ‘छपाईचा फारसा परिणाम नाही’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे उत्तीर्ण विद्यार्थ्यांचे गुण पाहून परीक्षा निरुपयोगी ठरवण्यासारखे आहे.

तिसरा धोका निसटलेल्या दोषांचा. एओआयने ज्यांना चांगले म्हटले, ते भाग पुन्हा कोणी पाहत नाही. म्हणून उत्तीर्ण बोर्डांतील काही नमुने क्ष-किरणाने तपासणे, विद्युत चाचणीचे निकाल जोडणे आणि ग्राहकांकडून परत आलेल्या उपकरणांचा माग काढणे आवश्यक ठरते.

चौथी अडचण गणिती आहे. लाखो सांध्यांत दोष मोजकेच असतात. ‘सर्व काही चांगले आहे’ असे डोळे मिटून सांगणारी प्रणालीही ९९ टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ठरेल. म्हणून किती दोष सापडले आणि सापडल्याचे सांगितलेल्यांपैकी किती खरे होते, हे दोन आकडे स्वतंत्रपणे पाहावे लागतात. एकाच पॅनेलमधील काही पाय शिकवण्यासाठी आणि काही परीक्षेसाठी घेतले, तर प्रणालीला उत्तर आधीच कळल्यासारखे होते. संपूर्ण पॅनेल, शक्यतो नंतरच्या दिवसांतील, परीक्षेसाठी बाजूला ठेवणे योग्य. पेस्टचा नवा लॉट, नवे स्टेन्सिल किंवा बदललेली भट्टी यांनंतर ही परीक्षा पुन्हा घ्यावी लागते.

छोट्या कारखान्यांनी कोठून सुरुवात करावी?

गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीत सर्किट बोर्डांच्या जुळणीचे काम चालते आणि पेडणे तालुक्यातील तुये येथे इलेक्ट्रॉनिक सिटीची योजना आहे. किनारपट्टीवरील अशा उद्योगांना पेस्टच्या नोंदींची गरज अधिक आहे, कारण पेस्ट हवेतील ओलाव्याला संवेदनशील असते. छपाईच्या खोलीत सापेक्ष आर्द्रता साधारण ४० ते ६० टक्के राखण्याचा सल्ला दिला जातो. पावसाळ्यात कोकण-गोव्यातील बाहेरची आर्द्रता मात्र ८० टक्क्यांच्या वर राहणे नित्याचे आहे. शीतकपाटातून काढलेला पेस्टचा डबा खोलीच्या तापमानाला येण्यापूर्वीच उघडला, तर त्यावर दव धरते. ओल शोषलेली पेस्ट पसरते आणि भट्टीत तिचे थेंब उडतात. छपाई खोलीतील तापमान-आर्द्रता आणि डबा उघडल्याची वेळ एसपीआयच्या आकड्यांसोबत नोंदवली, तर आषाढातील आणि मार्गशीर्षातील छपाईत नेमका किती फरक पडतो, हे अंदाजाऐवजी पुराव्याने सांगता येईल.

सुरुवातीला महागड्या प्रणालीची आवश्यकता नाही. पहिली पायरी म्हणून प्रत्येक बोर्डावर वाचता येणारी खूण असावी आणि दोन्ही यंत्रांतील भागांची नावे एक करावीत. दुसरी पायरी म्हणजे ऑपरेटरच्या पडद्यावर एओआयच्या चित्राशेजारी त्याच पॅडचे पेस्टचे चित्र आणि घनफळ दाखवणे. निर्णय माणसाचाच राहतो. त्याला आधार मिळतो. तिसऱ्या पायरीत इशाऱ्यांची क्रमवारी लावून संशयास्पद सांधे पाळीच्या सुरुवातीला, ताज्या डोळ्यांपुढे आणता येतील. ऑपरेटर आणि दुरुस्ती विभाग यांचे निष्कर्ष काही महिने काळजीपूर्वक साठवल्यानंतरच संगणकाला काही इशारे आपोआप वगळण्याची मुभा द्यावी आणि तीही वगळलेल्यांपैकी काही नमुने नियमित तपासण्याच्या अटीवर.

छपाईच्या क्षणी घेतलेले मोजमाप सांधा तयार होण्याआधीचा त्याचा इतिहास सांगते. तो इतिहास कारखान्याने आधीच पैसे मोजून मिळवलेला असतो. ‘ओके’च्या शेऱ्याखाली तो पुरून टाकला, तर शेवटच्या टेबलावर बसलेल्या ऑपरेटरला केवळ चकाकत्या सोल्डरकडे पाहून जबाबदारीचा निर्णय घ्यावा लागतो. तोच आकडा त्याच्यापुढे ठेवला, तर यंत्राचा इशारा तपासण्यासाठी त्याच्या हाती दुसरा साक्षीदार येतो.